वजने, गोळ्या आणि साठीपुढच्या बायका: साताऱ्यातील एका व्यायामवर्गाच्या नोंदी

10 जून 2024, सोमवार

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात साठीपुढच्या महिलांसाठी स्नायूंच्या ताकदीचा वर्ग आजपासून सुरू झाला. दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी साडेचार वाजता, पाऊण तास, असे ठरले आहे. व्यायामाची बाजू मी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, पाहणार असून गोळ्यांविषयीचे सगळे निर्णय संघाच्या मानद डॉक्टर घेणार आहेत. दुसऱ्या गावात असाच वर्ग काढू पाहणाऱ्यांना काय लागते, कुठे अडते आणि किती पैसे जातात हे कळावे, म्हणून या नोंदी.

पंधरा-सोळा जणींनी नावे दिली आहेत. वये एकसष्ट ते अठ्ठ्याहत्तर. आज फक्त मोजमाप ठेवले होते. पहिली चाचणी खुर्चीची: हात छातीवर आडवे धरायचे आणि 43 सेंटीमीटर उंचीच्या खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. हाताचा आधार घेतला की गुण शून्य. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार 65 ते 69 वयाच्या बाईला 11 पेक्षा कमी आणि 70 ते 79 या वयात 10 पेक्षा कमी वेळा उठता आले, तर तिची ताकद सरासरीहून कमी समजतात. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळणे आणि परत येऊन बसणे; याला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरायचा.

मोजमाप अर्ध्यातच थांबवावे लागले, कारण सभागृहातील प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गुळगुळीत फरशीवर त्या उठताना मागे सरकतात, त्यांचे पाय फाकतात आणि बैठक मधोमध खोल गेलेली असल्यामुळे दोन खुर्च्यांवर घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. संघाच्या कार्यालयातील चार जुन्या लाकडी खुर्च्या मागवून, त्या भिंतीला टेकवून पुन्हा सुरुवात केली. वर्ग काढणाऱ्याने पहिला खर्च वजनांवर नव्हे, तर न सरकणाऱ्या खुर्च्यांवर करावा.

"आम्ही जन्मभर कळश्या वाहिल्या, आता आणि कसली वजने उचलायची?" असे एका काकूंनी विचारले. कळशी शेवटची कधी उचलली, असे विचारल्यावर घरात नळ आल्याला तीसेक वर्षे झाल्याचा हिशेब त्यांनीच काढला.

13 जून, गुरुवार

आज व्यायाम नाही. प्रत्येकीला घरात सुरू असलेली सगळी औषधे, अर्धवट संपलेल्या पट्ट्या आणि चूर्णांसकट, एका पिशवीत घालून आणायला सांगितले होते. डॉक्टर आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि पिशव्या एकेक करून ओतल्या. हे काम तासाभरात आटोपेल असे वाटले होते. अंधार पडला तरी दोन पिशव्या उरल्याच. तरीही आतापर्यंतच्या कामात सर्वांत उपयोगी ठरले ते हेच.

बहुतेकींकडे कॅल्शियमची एखादी तरी गोळी निघाली, पण ती घेण्याची वेळ जवळजवळ कोणाचीच बरोबर नव्हती. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि तिच्या मागोमाग चहाबरोबर कॅल्शियम, असा क्रम चौघींकडे आढळला. कॅल्शियममुळे थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे. यांपैकी एकींचा थायरॉइडचा डोस मागच्या काही महिन्यांत वाढवत नेलेला होता, पण गोळ्या कशा घेता हे त्यांना कोणी विचारले नव्हते. लोह आणि कॅल्शियम एकाच घोटात घेणाऱ्याही होत्या. कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येते, तेव्हा त्यांच्या वेळा वेगळ्या केल्या.

गोळीवरचा मोठा आकडा पाहून "माझी जास्त ताकदीची" असे म्हणण्याची पद्धत सर्रास आहे. 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असते, कारण कार्बोनेटमध्ये त्याचे प्रमाण चाळीस टक्के. सायट्रेटमध्ये ते एकवीस टक्क्यांच्या आसपास. कार्बोनेट जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घ्यावे लागते, कारण ते विरघळायला पोटातील आम्ल लागते. आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्या दोघींना डॉक्टरांनी म्हणूनच सायट्रेट लिहून दिले. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेऊन उपयोग नाही. शोषणाचे प्रमाण त्यापुढे घटत जाते. दोन गोळ्या असतील तर एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणानंतर.

एका पिशवीत ड जीवनसत्त्वाच्या 60,000 एककांच्या पुड्या निघाल्या. त्या आठवड्याला एक घ्यायच्या असतात. काकू रोज दुधातून एक घेत होत्या, कारण घरातील बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्याच होत्या आणि हीच तेवढी वेगळी असेल असे त्यांना वाटले नाही. डॉक्टरांनी पुड्या आणि कॅल्शियम दोन्ही तिथल्या तिथे बंद करून रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासायला पाठवले. (चार दिवसांनी जोडलेली ओळ: कॅल्शियम मर्यादेत आले; पुड्या पुढील सूचनेपर्यंत बंदच.)

मुतखड्याचा इतिहास असलेल्या दोघी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या एक आणि रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी घेणाऱ्या तिघी, अशांच्या नावांपुढे लाल खूण केली. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे सांगितल्याशिवाय यांना कोणतीही खनिजाची गोळी सुचवायची नाही. थायझाइडमुळे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम कमी होते. त्यावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची भर पडली, तर रक्तातील पातळी वर जाऊ शकते.

1 जुलै, सोमवार

पायाला बांधायच्या वजनांचा प्रश्न. दुकानात एक किलोची जोडी चारशे-पाचशे रुपयांना मिळते आणि आम्हाला अर्धा, एक आणि दीड किलो अशा तिन्ही वजनांच्या पुष्कळ जोड्या लागणार. संघाची शिल्लक पाहता ते परवडणारे नव्हते, म्हणून जुन्या जीन्सच्या कापडाच्या पट्ट्या शिवून त्यांत वाळू भरायचे ठरले. कापड घरोघरी निघाले, शिलाई वर्गातल्याच एका काकूंनी केली, बंदासाठी वेल्क्रो बाजारातून आणले. जोडीमागे साठ-सत्तर रुपये पडले.

पहिली खेप वाया गेली. बांधकामावरून आणलेली वाळू पावसात भिजलेली होती. काट्यावर अर्धा किलो भरलेली पिशवी आठवड्याने वाळली, तेव्हा सव्वाचारशे ग्रॅमच्या आत आली आणि जोडीतील दोन पिशव्यांची वजनेही सारखी राहिली नाहीत. त्यातच बारीक रेती शिवणीतून गळून सतरंजीवर सांडू लागली. दुसऱ्या खेपेला वाळू चाळली, मोठ्या कढईत कोरडी होईपर्यंत भाजली, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत तोलून भरली आणि पिशवीचे तोंड करवतीच्या पात्यावरून दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवले. ही सीलबंद पिशवी जीन्सच्या खोळीत सरकवली, की वरची खोळ काढून धुताही येते. प्रत्येक खोळीवर वजन रंगाने लिहिणे अत्यावश्यक आहे, नाहीतर हाताला लागेल ते बांधले जाते.

साडी हा मुद्दा आधीच विचारात घ्यायला हवा होता. घोट्यावरच्या वेल्क्रोत साडीचा काठ अडकतो आणि खुर्चीतून उठताना निऱ्या पायाखाली येतात. पंजाबी ड्रेस सर्वांनाच चालतो असे नाही. साडी चार बोटे वर खोचून, घोट्यावर मोजा चढवून त्यावर वजन बांधायचे, अशी तडजोड निघाली.

18 जुलै, गुरुवार

काल आषाढी एकादशी झाल्याने आज उपस्थिती निम्मी. व्यायामांची रचना आता बसली आहे: खुर्चीतून उठणे-बसणे, खुर्चीची पाठ धरून चवडे उंचावणे, भिंतीवर हात टेकून दंड, घोट्याला वजन बांधून पाय बाजूला उचलणे, बसल्या जागी रबरी पट्टा मागे ओढणे आणि व्यासपीठाच्या पायरीवर चढ-उतार. प्रत्येकाची आठ ते बारा आवर्तने, दोन फेऱ्या. ज्यांना हाताशिवाय उठता येत नाही, त्यांच्या खुर्चीवर सतरंजीच्या घड्या टाकून बैठक उंच केली आहे. दर पंधरवड्याला एक घडी काढायची. भारासाठी वजन वाढवावे लागते तसे इथे उंची कमी करावी लागते, आणि ज्यांनी सुरुवात शून्यापासून केली त्यांना ही युक्ती वजनांपेक्षा जास्त उपयोगी पडते आहे.

आज एक पट्टा तुटला. खिडकीच्या गजाला बांधलेला होता आणि गजावरच्या गंजाने रबराला बारीक चीर पडली होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही. ओढणाऱ्या काकू बसलेल्या असल्यामुळे पडल्या नाहीत. मनगटावरच्या काचेच्या बांगड्या मात्र फुटल्या आणि थोडे खरचटले. आता गजाभोवती जुन्या साडीची जाड पट्टी गुंडाळून, तिच्या फासातून पट्टा घातला आहे. वर्गापूर्वी प्रत्येक पट्टा उजेडात ताणून पाहायचा आणि काचेच्या बांगड्या काढायला कोणी तयार नसेल तर त्यावर रुमाल बांधायचा, हे दोन नियम भिंतीवर लावले. स्वस्तातले पट्टे दमट हवेत एकमेकांना चिकटतात. टाल्कम पावडर लावून ठेवले तर बरे टिकतात.

5 ऑगस्ट, सोमवार

श्रावण आजपासून, आणि नेमका सोमवारी. बहुतेकींचा श्रावणी सोमवार. उपवास संध्याकाळी सूर्यास्ताच्या आसपास सुटतो आणि आमचा वर्ग साडेचारचा. दिवसभर दोन कप चहा आणि थोडे शेंगदाणे एवढ्यावर आलेल्या एका काकूंना तिसऱ्याच व्यायामाला अंधारी आली. त्यांना मधुमेहाची गोळी सुरू आहे आणि ती त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली होती. साखर मोजली, ती खाली होती. साखरपाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. उपवासाच्या दिवशी मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांनी प्रत्येकीला लिहून द्यावे, असे ठरले.

वार बदलायला बसलो, तेव्हा श्रावणात उपवास, सण किंवा सवाष्ण नाही असा वार सापडणेच कठीण झाले. मंगळवारी घरात सुनांची मंगळागौर, शुक्रवारी जिवतीची पूजा, गुरुवारी काहींचा दत्ताचा उपवास. दोन वर्गांमध्ये स्नायूंना सावरायला निदान एक पूर्ण दिवस हवा, ही आमची अट. शेवटी बुधवार आणि शनिवार नक्की झाले.

14 ऑगस्ट, बुधवार

मागच्या आठवड्यात एका कंपनीच्या प्रतिनिधीने संघात "हाडांची मोफत तपासणी" ठेवली. टाच एका छोट्या यंत्रात ठेवायची, मिनिटभरात छापील चिठ्ठी बाहेर येते. आमच्या वर्गातील जवळजवळ सगळ्या जणी "ठिसूळ" निघाल्या आणि चिठ्ठीबरोबर कॅल्शियमच्या भुकटीचा मोठा डबा सवलतीत घेऊन घरी गेल्या. आज चौघींनी वजने बांधायला नकार दिला, कारण हाडे मोडतील.

पुढचा पाऊण तास समजावण्यात गेला. टाचेची ध्वनिलहरींची तपासणी आणि कंबर व खुब्याची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, या वेगळ्या गोष्टी आहेत, उणे 2.5 किंवा त्याखाली टी-स्कोअर (तरुण, निरोगी स्त्रीच्या सरासरी घनतेशी तुलना करून काढलेला आकडा) म्हणजे अस्थिठिसूळता, ही व्याख्या डेक्सासाठी केलेली आहे आणि टाचेच्या यंत्रावरील आकड्याला ती लावता येत नाही. डॉक्टरांनी वय, पूर्वीचे फ्रॅक्चर, स्टिरॉइडचा वापर आणि घटलेली उंची पाहून काही जणींनाच डेक्सा सांगितली. भुकटीच्या डब्यांवर एका मापात किती कॅल्शियम आहे ते शोधायला चष्म्यावर भिंग धरावे लागले. मुख्य घटक साखर होता. डबे परत घेण्यास प्रतिनिधी तयार नाही.

31 ऑगस्ट, शनिवार

उंची मोजणे हे सगळ्यांत स्वस्त साधन आहे आणि ते आम्ही इतके उशिरा वापरले. तरुणपणीच्या उंचीची नोंद जुन्या कागदपत्रांत किंवा पासपोर्टवर अनेकींकडे सापडली. एका आजींची उंची पाच सेंटीमीटरने घटलेली आढळली. पाठीच्या एक्स-रेत एक मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला. तो कधी दबला हे त्यांना आठवत नाही. "कंबर धरली होती एकदा" एवढेच. त्यांच्यावर आता रीतसर औषधोपचार सुरू झाले आहेत.

याच आजी रोज सकाळी पायांचे अंगठे धरून पश्चिमोत्तानासन करत होत्या. आमच्या वर्गाच्या शेवटीही पुढे वाकून ताण देण्याचा एक प्रकार होता. तो आजपासून सर्वांसाठी बंद. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अस्थिठिसूळता असलेल्या 59 स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात 89 टक्क्यांना मणक्यांचे नवे दबाव-फ्रॅक्चर आढळले, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत 16 टक्क्यांना. पाहणी लहान होती, परंतु दिशा इतकी स्पष्ट आहे की जोखीम घेण्यात अर्थ नाही. नियमित सूर्यनमस्कार घालणाऱ्या दोघींना हे पटले नाही आणि त्यांची नाराजी मी समजू शकते. ज्यांची डेक्सा ठीक आहे त्यांना मनाई नाही. मणका दबलेल्यांनी मात्र पाठ गोल करून वाकायचे नाही, खालची वस्तू उचलताना खुब्यातून वाकायचे, गुडघे मोडायचे आणि वस्तू अंगाजवळ धरायची. हे शिकवण्यासाठी स्टुलावर पिठाची पिशवी ठेवून सराव सुरू केला.

14 सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपतीमुळे वर्गाला सुट्टी होती. सुट्टी व्यायामाला होती, बायकांना नव्हती. पुरणपोळ्या, फराळ आणि पाहुणे करून आलेल्यांची गुडघेदुखी वाढलेली आहे, तेव्हा सगळ्यांचे वजन एक पायरी खाली आणले. दुखण्याविषयीचा नियम तोच: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेले असले पाहिजे.

5 ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र सुरू आहे, म्हणून उपवासाच्या ताटापासूनच कॅल्शियमचा हिशेब मांडला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रत्येकीने तीन दिवस खाल्लेले लिहून आणले होते. ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, भात, पातळ ताक आणि चार वेळचा चहा, असे ताट असणाऱ्यांची बेरीज निम्म्यावरही पोहोचत नाही. "मी दूध भरपूर घेते" म्हणणाऱ्या काकूंचे सगळे दूध चहातले होते. कपाला दोन-तीन मोठे चमचे धरले, तर चार कपांत मिळून पेलाभरही होत नाही. साबुदाण्यात कॅल्शियम नगण्य आहे.

दिवसाकाठी पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक भाकरी घेतली तर 180 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येते. तेवढ्याच ज्वारीत त्याचा दहावा हिस्साही नाही. न सोललेले तीळ दहा ग्रॅम, म्हणजे चटणीचा एक भरलेला चमचा, शंभराच्या पुढे जातात. घट्ट दह्याची वाटी दीडशेच्या वर. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही हा साधा बदल बहुतेकींनी लगेच स्वीकारला. नाचणी आणि तिळातील सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही, तेव्हा कागदावरचा आकडा गाठला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ही पुस्तीही जोडावी लागली.

यानंतर डॉक्टरांनी गोळ्या नव्याने ठरवल्या: आहारातून जेवढे कमी पडते तेवढेच गोळीतून. ज्या दोन गोळ्या घेत होत्या त्यांपैकी काहींची एक कमी झाली, दूध सोसत नसलेल्या दोघींची एक वाढली, आणि मुतखडा झालेल्या दोघींना गोळीऐवजी आहारावरच भर द्यायला सांगितले. अमेरिकेतील 36,282 स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले, रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त निघाले होते. गोळी सगळ्यांना सारखी वाटून मोकळे होणे सोपे असते. आम्ही सुरुवातीला संघाच्या खर्चाने तेच करणार होतो. जनऔषधी केंद्रातून आणल्यास त्याच घटकांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात, एवढाच त्या बेताचा उपयोगी भाग उरला.

13 नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर मॅग्नेशियमची चर्चा. मुलीने परदेशातून पाठवलेली बाटली एका काकूंनी आणली आणि "पायात गोळे येणे थांबते" म्हणून ती चार-पाच जणींत वाटली गेली. दोघींना जुलाब झाले. मॅग्नेशियम ऑक्साइडचा हा नेहमीचा परिणाम आहे. लाल खूण असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्ण काकूंनीही एक गोळी घेतली होती, हे समजल्यावर डॉक्टरांनी सर्वांदेखत कडक शब्दांत सांगितले, की मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते.

गोळीच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नाही. इटलीतील पादुआ येथे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याला व्यायामवर्गाला येणाऱ्या 139 वयस्कर स्त्रियांपैकी काहींना बारा आठवडे रोज 300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिले होते. त्यांचे खुर्चीतून उठणे आणि चालण्याचा वेग इतरांपेक्षा अधिक सुधारला. पण त्या सगळ्या व्यायाम करत होत्याच. आमच्या वर्गात सरसकट मॅग्नेशियम द्यायचे नाही असे ठरले. शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या आणि भाकरी यांतून ते मिळते, आणि गोळी हवीच असेल तर क्रिएटिनिनचा अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील.

18 डिसेंबर, बुधवार

प्रगती थांबली आहे. ऑक्टोबरपासून खुर्चीच्या चाचणीचे आकडे जवळजवळ तिथेच आहेत. वजनांची पेटी उघडून पाहिल्यावर कारण दिसले: अर्ध्या किलोच्या खोळी घासून मळलेल्या, एक किलोच्या बऱ्या आणि दीड किलोच्या कोऱ्या करकरीत. हलके वजन बांधून गप्पा मारत वीस-वीस आवर्तने करण्याची सवय लागली आहे. संगत छान जमली आहे, पण स्नायूंना त्यातून काही नवे सांगितले जात नाही.

बॉस्टनमधील वृद्धाश्रमातील शंभर रहिवाशांवर केलेला एक प्रयोग 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87. दहा आठवडे जड वजनांचा व्यायाम केलेल्यांची ताकद 113 टक्क्यांनी वाढली. व्यायामाविना नुसते पौष्टिक पेय, ज्यात जीवनसत्त्वे आणि खनिजेही होती, ते दिलेल्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियातील 2018 च्या चाचणीत हाडे विरळ झालेल्या, सरासरी पासष्टीच्या 101 स्त्रिया होत्या. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, खरोखर जड वजने उचलणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली. त्या स्त्रियांनी उचललेली वजने आमच्या सभागृहात आणण्याजोगी नाहीत आणि तशी देखरेख एकटीला शक्यही नाही, परंतु अर्ध्या किलोवर थांबणे हा त्याचा पर्याय नव्हे.

आजपासून नियम बदलला. बाराव्या आवर्तनानंतर आणखी चार-पाच सहज करता येतील असे वाटले, तर वजन कमी आहे. आणखी दोनच होतील असे वाटले, तर योग्य. लागोपाठ दोन वर्गांत ठरल्यापेक्षा दोन आवर्तने जास्त झाली, की पुढची खोळ. प्रत्येकीच्या नावाचे कार्ड केले आणि वजनाचा आकडा तिनेच लिहायचा. जड वजनाबरोबर श्वास कोंडून धरण्याची खोड वर आली, आणि रक्तदाब त्याने एकदम चढतो. म्हणून उठताना, ढकलताना मोठ्याने आकडा म्हणायचा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. वर्गाआधी रक्तदाब वरचा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असेल, तर त्या दिवशी नुसते बसायचे.

दोघींनी वर्ग सोडला. "पूर्वी मजा येत होती" असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

15 जानेवारी 2025, बुधवार

काल संक्रांत. तिळगुळाचे डबे फिरले, तेव्हा कॅल्शियमचा हिशेब कोणीतरी काढलाच. पांढऱ्या, सोललेल्या तिळात ते फार कमी असते, आणि लाडवात गूळ किती तेही पाहावे, एवढे बोलून मी दोन लाडू खाल्ले.

दीड किलोच्या खोळी आता मळू लागल्या आहेत. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन सभागृहाच्या दोन फेऱ्या, हा नवा प्रकार घेतला. पिशव्यांत प्रत्येकी दोन किलो पीठ. कळशीवाल्या काकू तीन किलोवर आहेत.

8 फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा मोजमाप, त्याच लाकडी खुर्च्यांवर. ऑक्टोबर ते डिसेंबर अडकलेला आकडा बहुतेकींचा हलला आहे. जूनमध्ये हाताशिवाय उठता न येणाऱ्यांपैकी एकच अजून सतरंजीच्या एका घडीवर आहेत, बाकीच्या थेट लाकडावर बसून उठतात. मणका दबलेल्या आजींची चालण्याची वेळ 15 सेकंदांवरून 12 च्या खाली आली. गुडघ्याचा विकार जास्त असलेल्या दोघींत फारसा बदल नाही. त्यांना वर्गाबाहेर स्वतंत्रपणे पाहावे लागेल. हाडांची घनता वाढली की नाही हे सांगता येणार नाही, कारण डेक्सा इतक्या लवकर पुन्हा करण्यात अर्थ नसतो.

खर्चाचा हिशेब: खोळी, वेल्क्रो आणि वाळू, वाया गेलेली खेप धरून, दोन हजारांच्या आत, रबरी पट्टे दोनदा घ्यावे लागले, कारण पहिले स्वस्तातले होते, रक्तदाबाचे यंत्र आणि बाहीचा मोठा पट्टा वेगळा. रक्ताच्या तपासण्या आणि डेक्सा ज्यांनी त्यांनी केल्या, आणि खिशाला सर्वांत जड तेच गेले. भुकटीचे डबे कोणाच्या हिशेबात धरायचे यावर अजून वाद आहे.

मार्चमध्ये दुसरी तुकडी सुरू होईल. त्या तुकडीत पहिले दोन वर्ग फक्त औषधांच्या पिशव्यांसाठी राखले आहेत, आणि उंची पहिल्याच दिवशी मोजायची आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पट्टे कसे टिकतात ते पाहायचे आहे. अडीच किलोच्या खोळींसाठी कापड कमी पडते आहे, कोणाकडे जुन्या जीन्स असतील तर संघाच्या कार्यालयात द्याव्यात.